अर्धा कोयता

“सर, त्या मागच्या बाईला का कापलासा?”

महादेवीनं हे विचारलं तेव्हा माझा हात माउसवरच होता. ती खुर्चीमागे कधी येऊन उभी राहिली ते मला कळलंच नव्हतं.

“फ्रेम नीट बसत नव्हती,” मी म्हणालो.

“व्हय. पोट लय मोठं हाय तिचं. बसंना झालं आसंल.”

मी जत तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहाय्यक आहे. म्हणजे नर्स आणि आशा गावागावांत जे काम करतात ते तपासायचं, त्याचे आकडे गोळा करायचे आणि वर पाठवायचे. सत्तावीस वर्षं झाली. महादेवी ही आमच्या हद्दीतल्या शेवटच्या गावची आशा. घरात कन्नड बोलते, शाळेत मराठी शिकली आणि दोन्ही भाषांत सारखंच टोचून बोलते. तिच्या गावाला लागून एक ओढा आहे. ओढ्याच्या पलीकडे कर्नाटक.

दुसऱ्या दिवशी सांगलीत, विश्रामबागला, सगळ्या तालुक्यांची बैठक होती. ऊसतोडीसाठी बाहेरून आलेल्या बायकांची आरोग्य तपासणी कुणी कशी केली, ते स्लाइड दाखवून सांगायचं होतं. आमचं काम नमुनेदार ठरलं होतं. त्यासाठी मी नवा शर्ट इस्त्रीला टाकला होता.

स्लाइडवर मी लिहिलं होतं: कोयते चौदा, महिला चौदा, तपासणी चौदा, शंभर टक्के. खाली फोटो. बीड जिल्ह्यातून आलेल्या टोळीतल्या बायका दोन रांगांत उभ्या, प्रत्येकीच्या हातात तपासणीचं कार्ड. फोटो मीच तपासणीच्या संध्याकाळी काढला होता. स्लाइडवर मोठा करून बघितला तेव्हा दिसलं की डोकी पंधरा आहेत. मागच्या कोपऱ्यात एक बाई कमरेवर घागर घेऊन चालली होती. तिच्या हातात कार्ड नव्हतं. पोट आठव्या महिन्याचं तरी असावं.

मी दोन मिनिटं बघत बसलो. मग मी तिला कापलं. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या हातानं, शांतपणे, एका क्लिकमध्ये.

“पाहुणी असेल कुणाची तरी,” मी महादेवीला म्हणालो.

“फडावर पाहुणी? ऊस तोडायला कोण पावनं येतंय सर?”

चूक कुठे झाली ते मात्र त्याच क्षणी कळलं होतं. ती चूक समजायला ऊसतोडीचा हिशेब समजायला हवा. तिथे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे दोन माणसं, बहुतेक वेळा नवरा-बायको. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं गोळा करून त्याच्या मोळ्या बांधायच्या. कारखान्याला दिलेल्या यादीत एका कोयत्याला एकच नाव असतं, पुरुषाचं.

टोळी आली तेव्हा मी पाहणीला गेलो ते भर दुपारी बारा वाजता. त्या वेळी सगळ्या बायका फडात असतात, हे मला माहीत होतं. म्हणूनच ती वेळ निवडली असं नाही. पण तसं नव्हतंच, असंही छातीठोकपणे सांगत नाही. टोळीचा मुकादम भगवानराव यानं मला बाजेवर बसवलं, चहा दिला आणि यादी पुढे ठेवली. चौदा नावं. मी प्रत्येक नावापुढे ‘यांची पत्नी’ असं लिहिलं. बोलण्याच्या नादात थोडा चहा यादीवर सांडला. वीस मिनिटांत सर्वेक्षण संपलं.

पुढचं काम आम्ही मनापासून केलं, हेही सांगतो. संध्याकाळी बायका परत आल्यावर कोप्यांपाशी, म्हणजे टोळी राहते त्या झोपड्यांपाशी, तपासणी ठेवली. यादीतलं एकेक नाव पुकारलं. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, गोळ्या, कार्ड. चौदाच्या चौदा आल्या. मी इतका खूश झालो की घरी जाऊन बायकोलाही आकडा सांगितला.

पण सुरुवातच बाजेवर बसून झाली होती.

मी कीबोर्डवर बोटं ठेवली आणि कापलेला तुकडा परत आणला. घागरवाली बाई पुन्हा कोपऱ्यात उगवली. गंमत म्हणजे ती दिसताच मला बरं वाटलं.

तसाच उठून डॉक्टर मॅडमच्या खोलीत गेलो. आमच्या वैद्यकीय अधिकारी वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत. मी सगळं सांगितलं. बाज, चहा, कापाकापी, सगळं. त्या ऐकत होत्या आणि पेनाचं टोपण लावत-काढत होत्या.

“परत आणला का फोटो?”

“हो मॅडम.”

“मग इथं उभे का आहात? बीपीचं मशीन घ्या, लघवी तपासायच्या पट्ट्या घ्या. महादेवीला घ्या. बाई सापडली की मला फोन करा.”

“आणि उद्याची स्लाइड?”

“आधी बाई सापडू दे गायकवाड. मग ठरवू ती स्लाइडवर मावते का.”

मी मोटारसायकल काढली. महादेवी मागे बसली, मांडीवर बीपीचं मशीन घेऊन. आता हे विचित्र वाटेल, पण त्या रस्त्यावर मला फार हलकं वाटत होतं. पकडलो गेलो होतो, कबूल केलं होतं आणि आता काहीतरी करायला निघालो होतो. कॅनॉलचं पाणी आल्यापासून आमच्या कोरड्या तालुक्यातही ऊस दिसतो. दोन्ही बाजूंना तुरे हलत होते. मी चक्क शीळ घालायला लागलो.

“सर, आपुण लग्नाला निगालोय का?” मागून आवाज आला.

मी मूळचा विट्याकडचा. आमच्याकडची निम्मी माणसं सोनं गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत. माझा सख्खा भाऊ पंचवीस वर्षं परमुलखात आहे. त्याला कुणी स्थलांतरित म्हणत नाही. तो ‘धंद्याला गेला’ असं म्हणतात आणि तो गावी आला की त्याला पहिल्या रांगेत बसवतात. हे मी महादेवीला ओरडून सांगितलं.

“तेच्याकडं सोनं हाय सर,” ती म्हणाली. “हिच्याकडं घागर.”

कोप्यांपाशी पोहोचलो तर तिथे कुणी नव्हतं. एक कुत्रं आणि दोन कोंबड्या. टोळी सकाळपासून नव्या फडात गेली होती आणि नवा फड ओढ्याच्या पलीकडे होता. ओढ्यात पाणी नव्हतं, पण राज्याची हद्द होती. सरकारी माणसानं तपासणीचं मशीन घेऊन दुसऱ्या राज्यात घुसायचं म्हणजे तिथल्या कुणाला तरी सांगायला हवं. मी शोभा सिस्टरना फोन केला. त्या ओढ्यापलीकडच्या उपकेंद्राच्या नर्स. आमची ओळख पोलिओच्या लसीकरणातली. हद्दीवरचं कुठलं पोर कुणी मोजायचं, यावरून आम्ही दर वर्षी भांडतो.

त्या दहा मिनिटांत स्कूटरवरून आल्या. आमच्याशी त्या हिंदी-मराठी मिसळून बोलतात.

“वो टोळी? मैंने देखा सर. चौदा लेडीज. मेरा हंड्रेड परसेंट है.”

“तुम्ही कधी गेला होता?”

“गेली नाही सर. मुकादमने मोबाइल पे यादी भेजी.”

त्यांनी फोनमधली यादी दाखवली. चौदा नावं. आणि पाचव्या-सहाव्या नावावर एक तपकिरी गोल डाग. मी सांडलेला चहा कर्नाटकात पोहोचला होता.

मला हसू आवरेना. मी ओढ्याच्या काठावर बसलो आणि हसत सुटलो. शोभा सिस्टरना आधी राग आला. मग मी डागाची गोष्ट सांगितली आणि त्याही हसायला लागल्या. दोन राज्यांची आरोग्य खाती, दोघांचं काम शंभर टक्के, आणि एक बाई घागर घेऊन दोघांच्याही मधून चाललेली. महादेवी मात्र हसली नाही.

“हसून झालं आसंल तर चला री,” ती म्हणाली.

फडात गेल्यावर ती लगेच सापडली. पूजा तिचं नाव. वय एकवीस-बावीस. नवऱ्याचा फुल शर्ट साडीवरून घातलेला, डोक्याला फडकं. वाकून मोळी बांधत होती. शेजारी कोयता चालवत होती तिची मोठी जाऊ, मंदा. चाळिशीची, काटक, तोंडाची तिखट.

कोडं दोन वाक्यांत सुटलं. मंदाचा नवरा नामदेव पाय मोडून गावी पडला होता, पण यादीत नाव त्याचंच होतं. पूजाचा नवरा याच टोळीचा ट्रॅक्टर चालवायचा. ड्रायव्हर कोयत्यांच्या यादीत येत नाही, म्हणून त्याची बायकोही आली नाही. दोघी जावांनी मिळून एक कोयता पुरा केला होता. मी मात्र नामदेवच्या नावापुढे ‘यांची पत्नी’ लिहून मोकळा झालो होतो.

महादेवीनं पूजाला बांधावर बसवलं. पाय बघितले. पावलांवर बोट दाबलं की खड्डा पडत होता.

“डोकं दुखतंय?”

“दोन दिसापासून. उन्हानं असंल.”

“डोळ्यापुढं अंधारी?”

पूजानं मंदाकडे बघितलं. मंदानं कोयता खाली ठेवला.

मी बीपी घेतलं. एकशे साठ, खाली एकशे दहा. मशीन बिघडलं असेल म्हणून स्वतःचं घेतलं. माझं बरोबर होतं. महादेवी तिला उसाच्या आड घेऊन गेली आणि लघवीची पट्टी तपासून आणली. पट्टीचा रंग गडद झाला होता. याचा अर्थ साध्या भाषेत सांगतो. गरोदरपणात काही बायकांचं बीपी अचानक वाढतं आणि लघवीतून प्रोटीन जायला लागतं. अंगावर सूज येते, डोकं दुखतं. लक्ष दिलं नाही तर झटके येतात. झटके आले की आई आणि बाळ दोघंही हातचे जाऊ शकतात. कधी येतील ते सांगता येत नाही.

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मॅडमना फोन लावला.

“आत्ताच्या आत्ता आणा,” त्या म्हणाल्या. “मी इंजेक्शन भरून ठेवते. पहिला डोस इथं देऊ आणि मग मिरजेला. गाडी पाठवतेय. पण गायकवाड, आपल्या गाडीला राज्याबाहेर जायला पत्र लागतं. पत्र काढत बसले तर संध्याकाळ होईल. गाडी ओढ्यापर्यंत येईल. तुम्ही बाईला अलीकडे आणा.”

शोभा सिस्टर म्हणाल्या, आमचे डॉक्टर आज बाहेरगावी आहेत, तुमचंच केंद्र जवळ आहे, घेऊन जा. मी कागद करते.

सगळं जुळलं होतं. फक्त पूजा तयार नव्हती.

“मी गेले तर जाऊबाई एकट्या काय करतील?” ती म्हणाली. “एका माणसाचा कोयता नसतो.”

“जाय की गं,” मंदा म्हणाली. “मी बघते माझं.”

“काय बघता? रात्री कंबर धरून तुमीच रडता.”

तोवर मुकादम भगवानराव आला. माणूस वाईट नव्हता, पण ट्रॉली अर्धीच भरली होती.

“आवो साहेब, उद्या नेली तर नाय जमायचं का? आज कोयता मोडला तर टोळीची गाडी मागं राहती. बाकीच्यांनी तिची पात कामून तोडायची?”

पात म्हणजे प्रत्येक कोयत्याला वाटून दिलेल्या उसाच्या ओळी. मी त्याला झटक्यांबद्दल सांगितलं. तो घाबरला, पण पूजा हलेना. ती भीत नव्हती असं नाही. पण आपल्या वाटचं काम दुसऱ्यावर टाकून जायची तिला लाज वाटत होती. महादेवीनं समजावलं, शोभा सिस्टरनी दटावलं. पूजा बांधावरच्या गवताची काडी मोडत बसली. माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

आणि मग मी ते बोललो.

“तिची अर्धी बाजू मी करतो.”

सगळा फड थांबला. मंदानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“साहेब, तुमाला मोळी बांधता येती का?”

“नाही.”

“ऊस उचलता येतो?”

“माहीत नाही.”

“मग काय, उसाचं बीपी घेता का?”

बायकांनी तोंडाला पदर लावले. मी बूट काढायला लागलो. बुटांशिवाय पाचट टोचतं हे कळल्यावर परत घातले. त्यावर आणखी हशा झाला. पण मी खरंच तयार आहे हे बघून पूजाच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. ती उठली. अंगावरचा नवऱ्याचा शर्ट काढून तिनं माझ्यापुढे धरला.

“हे घाला. पाल्यानं कापतं.”

शर्ट माझ्या पोटावर येईना. खालची तीन बटणं उघडी ठेवावी लागली. मंदानं फडकं माझ्या डोक्याला स्वतः बांधलं आणि गाठ अशी आवळली की माझ्या भुवया वर गेल्या.

“आता दिसता कामाचे,” ती म्हणाली. “पूजे, जाय तू. तुझ्यापेक्षा देखणा गडी मिळाला मला.”

पूजा हसली. त्या हसण्याची मला फार गरज होती, तिच्यापेक्षाही जास्त.

तिला चालवायचं नव्हतं. एका जोडप्याकडे बैलगाडी होती, रबरी टायरची. तीत उसाचं वाढं अंथरलं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला. त्यावर चादर टाकली आणि पूजाला कुशीवर निजवलं. महादेवी शेजारी बसली. गाडी हलली तशा चार-पाच बायका मागून चालायला लागल्या. मुकादम ओरडला, पण ओढ्यापर्यंतच जातो म्हणाल्या. कुणीतरी म्हणालं, नवरी निघाली. दुसरी म्हणाली, करवली बघा कसली, मांडीवर मशीन घेऊन बसलीय. मी फडकं बांधून, उघड्या बटणांनी, बैलांच्या पुढे धावत खड्डे दाखवत होतो. शोभा सिस्टर स्कूटरवरून मागे.

ओढ्यात आमची गाडी उभी होती, पुढची चाकं बरोबर मधोमध. ड्रायव्हरनं मला ओळखलं नाही. “ए बाबा, बाजूला हो,” म्हणाला. शोभा सिस्टरनी कागद माझ्या पाठीवर ठेवून सही केली. पूजाच्या नवऱ्याला फोन लावून महादेवीनं काय ते सांगितलं. तो कारखान्यावर रांगेत होता. “ट्रॅक्टर कुणाच्या तरी हवाली करून मिरजेला या,” तिनं बजावलं. दार लागलं. गाडी गेली.

धूळ बसेपर्यंत आम्ही सगळे बघत राहिलो. मग मंदानं माझ्या दंडाला कोपरानं ढोसलं.

“चला कोयता.”

पुढचे तीन तास मी आयुष्यात कधी केलं नाही असं काम केलं. मोळी बांधायला दोरी नसते. उसाच्याच वाढ्याला पीळ देऊन बंध करायचा आणि उसाभोवती आवळायचा. माझे बंध तुटत होते. तुटले नाहीत तर सुटत होते.

“लेकराला कवळल्यावानी धरू नका,” मंदा म्हणायची. “आवळा. दुश्मन हाये असं समजून आवळा.”

“दुश्मन कोण समजू?”

“साहेब लोकाला काय कमी असतेत का? एक-एक मोळीला एक-एक घ्या.”

ते जमलं. मी माझ्या वरिष्ठांची नावं मनात घेत सहा मोळ्या बांधल्या. सातवीला स्वतःचं नाव घेतलं. ती सगळ्यात घट्ट बसली.

मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं होतं. पहिल्या खेपेला मी फळीच्या मध्यावर थांबलो. पुढे जाता येईना, मागेही येता येईना. मोळी डावीकडे झुकली, मी उजवीकडे. खाली चौदा बायका आणि त्यांचे नवरे काम टाकून बघत होते. भगवानराव म्हणाला, “साहेब, ऊस हाये तो, फाईल नाय. डोक्यावर घेतली की पुढं सरकावीच लागती.” मी हसलो आणि हसल्यामुळे मोळी पडली. मीही तिच्यामागून पडलो, पाचटात. लागलं नाही. पण उठताना मला हसूच आवरत नव्हतं आणि फडातही कुणाला आवरत नव्हतं.

मध्ये पाणी प्यायला बसलो तेव्हा मी मंदाला विचारलं, “संध्याकाळच्या तपासणीला पूजा का आली नाही? तिथंच तर होती.”

“तुमी नावं पुकारली. तिचं पुकारलं नाय.”

“पण विचारायचं तरी.”

“काय विचारायचं? ताडपत्री कोयत्याला एक. कोपी कोयत्याला एक. तिला वाटलं डॉक्टर बी कोयत्याला एकच असंल. मला म्हणली, जाऊबाई, तुमी जाऊन या, आपलं दोघींचं होऊन जाईल.”

ती सहज बोलली आणि तांब्या खाली ठेवून उठली. मला उठवायला तिला परत हाक मारावी लागली.

पाच वाजता महादेवीचा फोन आला. केंद्रात पहिला डोस दिला होता. मॅडम स्वतः गाडीत बसून मिरजेकडे निघाल्या होत्या. झटके आले नव्हते. मी हे ओरडून सांगितलं. भगवानरावनं हात जोडले आणि म्हणाला, “आता तुमीबी जावा साहेब. तुमच्या मोळ्या परत बांधायला आमाला दोन माणसं लागायलीत.”

दुसऱ्या दिवशी विश्रामबागच्या सभागृहात मी उभा राहिलो तेव्हा चेहऱ्यावर आणि हातांवर पाल्याचे ओरखडे होते. नवा शर्ट होता, पण मान वळत नव्हती. पहाटे मॅडमचा निरोप आला होता. सिझेरियन झालं. मुलगी. एक किलो आठशे ग्रॅम. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय, आई शुद्धीवर आहे, बीपी उतरतंय.

मी स्लाइड लावली. पूर्ण फोटो होता. मी सांगितलं, “कोयते चौदा. महिला पंधरा. तपासलेल्या चौदा. पंधरावी काल सापडली. मी पाठवलेला अहवाल चुकीचा होता. मी टोळीत जाऊन बायका मोजल्या नव्हत्या, मुकादमाच्या यादीवरून उतरवल्या होत्या. ही बाई फोटोत दिसल्यावर काल मी तिला फोटोतून कापलंही होतं. नंतर परत आणलं.”

अध्यक्षस्थानी असलेले साहेब पुढे झुकले.

“म्हणजे शंभर टक्के नाही?”

“नाही साहेब. त्र्याण्णव पॉइंट तीन.”

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “तोंडाला काय झालंय?”

“ऊस तोडत होतो.”

“का?”

“ती बाई येईना म्हणून.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग बाकीच्या तालुक्यांकडे वळून विचारलं, “तुमच्यापैकी किती जणांनी यादी मुकादमाकडून घेतली? हात वर करा.” आधी एक हात वर गेला. मग तीन. मग मी मोजणं सोडून दिलं, कारण मान वळत नव्हती.

मला त्या दिवशी मिळायचं होतं ते प्रशस्तिपत्र मिळालं नाही. पुढच्या आठवड्यात मेमो मिळाला: चुकीचा अहवाल का पाठवला याचा खुलासा करावा. मी खुलासा केला. त्यात काही लपवलं नाही, फळीवरून पडल्याचं तेवढं गाळलं. मेमोबरोबर एक आदेशही आला होता. तालुक्यातल्या सगळ्या टोळ्यांची पाहणी पुन्हा करायची, बायका कोपीवर असतील त्या वेळी, आणि ती मीच करायची. पहिल्याच टोळीत यादीत नसलेल्या दोघी सापडल्या. एक मुलाच्या कोयत्याला हातभार लावणारी विधवा आई, दुसरी एक नववीची मुलगी, शाळा सोडून आलेली. शोभा सिस्टरनीही पलीकडे तशीच पाहणी सुरू केली. आता आमचं भांडण वेगळं आहे. आधी आम्ही ‘तुमचं, तुमचं’ म्हणून भांडायचो. आता आमचा आकडा मोठा की तुमचा, यावरून.

पूजा आणि तिची मुलगी तीन आठवड्यांनी मिरजेहून सुटली आणि थेट गावी गेली. तिचा नवरा मला भेटायला केंद्रात आला. हातात नारळ होता. आभार मानून झाल्यावर तो जरा घुटमळला.

“साहेब, राग मानू नका. त्या दिवशीच्या खेपेला माझ्या दोस्तानं ट्रॅक्टर नेला. तुमच्या मोळ्या वाटेतच सुटल्या. दोन किलोमीटर ऊस सांडला. पोरं आजून वेचून खातेत म्हणतो.”

माझ्या नोकरीतलं हे एकमेव काम असावं ज्याचा परिणाम लगेच आणि सगळ्यांना दिसला.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. हातात यादी आली की आधी विचारावं, ही कुणी केली आणि कशासाठी केली. कारखान्याची यादी ऊस मोजायला केलेली असते. ऊस मोजायला ती अगदी बरोबर असते. तिच्यावरून बायका मोजू नयेत. हे कळायला मला सत्तावीस वर्षं लागली. मंदाला विचारलं असतं तर तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.